कोल्ह्यांनी नेलेली वासरं

कोल्ह्याची विष्ठा वाळवून, तंबाखूच्या रिकाम्या डब्यात भरून, वर तारखेची चिठ्ठी चिकटवून ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. लेफ टॉलिव्हर. आमच्या काउंटीचा कोल्हे मारणारा. निम्मा पगार सरकार द्यायचं, निम्मा आम्हा रँचवाल्यांची संघटना द्यायची, आणि गावाबाहेरचं दोन खोल्यांचं लाकडी घर नोकरीबरोबर यायचं. नोकरी गेली की घरही गेलं.

परवा त्याला पुरलं तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, "लेफ हा एक साधा माणूस होता." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साधा? पाद्रीबाबा आमच्याकडे येऊन चार वर्षं झालीत, त्यांना काय ठाऊक! मी तिथेच उठून बोलायला हवं होतं. पण वेळेवर उठून बोलण्याच्या बाबतीत माझा लौकिक काही बरा नाही. म्हणून आता लिहायला बसलोय.

मी हार्लन स्टाउट. नेब्रास्कातल्या या वाळूच्या टेकड्यांवर आमच्या तीन पिढ्यांनी गुरं राखली. लेफ माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्याचा बाप विहिरी खणायचा, आणि लेफ सहावीत असताना एका विहिरीतच राहिला. शाळा सुटली, पण प्रश्न विचारायची खोड सुटली नाही. सोळाव्या वर्षी तो माझ्या वडिलांच्या गोऱ्ह्यांबरोबर मालगाडीतून ओमाहाला गेला. तेव्हा गुरांच्या डब्यामागे एक माणूस जायचाच. वाटेत कुणी गोऱ्हा खाली बसला तर काठीने ढोसून उठवायचा, नाहीतर बाकीचे त्याला तुडवतात. माल पोचवला की बाकीचे पोरगे बाजाराजवळच्या गुत्त्यात जायचे. लेफ कत्तलखान्याच्या दारात गेला आणि मुकादमाला म्हणाला, "पुढे काय होतं ते बघायचंय."

दोन दिवस राहिला. परत आल्यावर आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं; मी जन्मायच्या आधीची ही गोष्ट, वडिलांकडून ऐकलेली. खुरांचा सरस होतो, चरबीचा साबण, शिंगांचे कंगवे आणि चाकूच्या मुठी, रक्ताचं खत, आणि शेपटीच्या केसांच्या गाद्या. माझे वडील तीस वर्षं गुरं विकत होते, पण त्यातलं त्यांना निम्मंही माहीत नव्हतं. ते जरा चिडूनच म्हणाले, "आणि मांसाचं काय करतात, ते विचारलंस की नाही?"

"विचारलं ना," लेफ म्हणाला. "ते म्हणाले, मांसावर फार सुटत नाही. नफा सगळा शेपटीत आणि खुरांत."

असा तो माणूस. पुढे कोल्हे मारायच्या कामाला लागला तेव्हा लोकांना वाटलं, आता तरी शहाणा होईल. हा मेलेल्या कोल्ह्याचं पोट फाडून बघायला लागला, त्याने काय काय खाल्लंय ते.

आता थोडं गुरांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या आजोबांनी टेक्सासहून हाकत आणलेली गुरं उंच होती, लांब शिंगांची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पण तीन महिने चालायची. मग रेल्वे आली आणि चालणाऱ्या गुरांचं कौतुक संपलं. इंग्लंडकडची तांबडी, पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड आली. तेव्हा गोऱ्हा चार वर्षांचा होईतो कुरणातच ठेवायचे, चांगला चरबीने थलथलेपर्यंत. पुढे शहरातली कुटुंबं लहान झाली, त्यांच्या चुली लहान झाल्या, चरबीला गिऱ्हाईक उरेना. खाटीक म्हणाले, लहान द्या, मक्यावर लवकर तयार होणारं द्या. इथवर सगळं ठीक होतं.

पण एकदा लहान चांगलं म्हटलं की आणखी लहान आणखी चांगलं, असं आमच्या डोक्यात बसलं. डेन्व्हरच्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाची जांभळी फीत मिळवणारा वळू दरसाल चार बोटं बुटका व्हायला लागला. शेवटी वळूची पाठ माणसाच्या पट्ट्याच्या बकलाला लागली की परीक्षक खूश! फोटो काढताना वळूला गुडघाभर पेंढ्यात उभा करायचे, म्हणजे पाय आणखी आखूड दिसावेत. मी स्वतः दोनदा पेंढा पसरलाय.

लेफने एकदा मला कुंपणापाशी गाठलं. "हार्लन, बुटका वळू जास्त मांस देतो का रे?"

"नाही."

"गवत कमी खातो?"

"थोडंसं."

"मग गाई सहज वितात?"

"तसं काही नाही."

"मग बुटका का हवा?"

"परीक्षकांना आवडतो."

"ते विकत घेतात?"

"नाही रे बाबा! लेफ, तू तुझे कोल्हे बघ."

आमच्या भागातला सगळ्यात बुटका, सगळ्यात रुंद, सगळ्यात नावाजलेला वळू होता मेरिट क्लेबॉर्नचा बॅरन. क्लेबॉर्न म्हणजे संघटनेचा अध्यक्ष, चर्चमध्ये पहिल्या बाकावरचा माणूस, बोलणं मधासारखं. दहा वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याच्याच कळपातले वळू घेतले होते. एकावन्न साली मीही दोन वर्षांची सगळी मिळकत घालून बॅरनचा एक मुलगा आणला. नाव ड्यूक. तो आमच्या गुरांच्या वाड्यात उतरला तेव्हा बायको, व्हर्ना, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "हा उभा आहे की बसलाय?"

पुढच्या मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, एक गाय व्यायली. वासरू जिवंत होतं. कपाळ पुढे आलेलं, खालचा जबडा वरच्याच्या पुढे, पोट घड्यासारखं आणि पाय वीतभर. श्वास घेताना घुरघुरत होतं. व्हर्ना म्हणाली, "हे काय आहे, हार्लन?" मला माहीत होतं. अशी वासरं होतात हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण त्यांचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

मी क्लेबॉर्नला फोन केला. आमचा फोन म्हणजे एका तारेवर आठ घरं; कुणी बोलायला लागलं की बाकीची सात कान लावायची. म्हणून मी एवढंच म्हणालो, "जरा येऊन जाता का?" तो आला. वासरू बघितलं, टोपी मागे सारली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हार्लन, गाय म्हातारी आहे. चाऱ्यात काहीतरी आलं असणार. वळूचा काही संबंध नाही."

"पण असं आधी कधी—"

"होतं कधी कधी. कोल्ह्याने नेलं म्हणायचं आणि विसरायचं. शरदात तुझी वासरं घ्यायला लोक येतील ना? त्यांना कशाला उगीच घाबरवतोस?"

ते वासरू दुपारपर्यंत गेलं. मी ते आपोआप जायची वाट पाहिली नाही. मी ते पवनचक्कीमागे पुरलं आणि संध्याकाळी फोनवर शेजारच्या बर्टला मोठ्याने सांगितलं, सातही घरांना ऐकू जाईल असं: "आज कोल्ह्याने वासरू नेलं रे."

बर्टने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आमचंही एक नेलं. गेल्या आठवड्यात."

दुसऱ्या दिवशी लेफ दारात हजर. बरोबर टिल्डा, त्याची करडी कुत्री. "कुठून नेलं? दाखव."

मी पश्चिमेच्या उताराकडे बोट केलं. आमच्याकडची माती म्हणजे वाळू. पाखरू उतरलं तरी त्याची सही राहते. लेफ दोन तास तो उतार गुडघ्यांवर फिरला. परत आला तेव्हा पँट गुडघ्यांवर ओली झाली होती.

"साळिंदर गेलंय, दोन ससे गेलेत, तुमचं मांजर दोनदा गेलंय. कोल्हा नाही."

"वारा होता काल," मी म्हणालो.

"हो का? मांजराचे पाय ठेवून कोल्ह्याचे तेवढे पुसणारा वारा मी बघितला नाही बुवा." तो खाली बघत होता. माझ्या बुटांचे ठसे वाड्यातून पवनचक्कीकडे गेले होते. जाताना टाचा खोल रुतलेल्या, येताना उथळ. टिल्डा त्या दिशेने नाक करून कुंई कुंई करायला लागली होती. लेफने एकदा पवनचक्कीकडे बघितलं. एकदा माझ्याकडे. मग हलकी शीळ घातली. "टिल्डा, इकडे ये. तिथे आपलं काम नाही."

आत येऊन बसला, कॉफी मागितली. व्हर्नाने जंगली चेरीचा मुरंबा आणि गरम बिस्किटं पुढे केली. तो इकडचं तिकडचं बोलला. मग कपात बघत म्हणाला, "सगळी मिळून अकरा झाली, हार्लन. मेमध्ये बैठक आहे. मेरिट म्हणतो, लेफ झोपा काढतो, त्याला काढा आणि विष टाका. मी या हिवाळ्यात एकोणीस कोल्ह्यांची पोटं फाडली. उंदीर निघाले, ससे निघाले, रानगुलाबाची फळं, आणि एकात कुणाचा तरी हातमोजा. वासराचा एक केस नाही." त्याने कप खाली ठेवला. "त्या घरात मी एकोणीस वर्षं राहतोय."

मी त्याचा कप पुन्हा भरला. त्याने तो रिकामा केला. मुरंब्याचं कौतुक करून गेला.

त्याचा पिकप दिसेनासा झाल्यावर व्हर्ना म्हणाली, "सांगून टाक त्याला."

"आणि शरदात आपली वासरं कोण घेईल? आपल्या रक्तात खोट आहे, असं एकदा झालं की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण मुठीत काय आहे ते आपल्याला माहीत आहे ना!"

मी टोपी घालून बाहेर गेलो. एप्रिलमध्ये ड्यूकची आणखी दोन तसली वासरं झाली. तीही कोल्ह्यांनी नेली.

बैठक शाळेच्या सभागृहात होती. बायका मागच्या स्वयंपाकघरात कॉफी करत होत्या. मधल्या खिडकीतून कप बाहेर यायचे. लेफ धुतलेला सदरा घालून आला, हातात बटाट्याचं खोकं. खोक्यात डबे. त्याने ते टेबलावर ओळीने मांडले आणि एकेक उघडून सांगू लागला: हा जानेवारीचा, यात सशाची लोकर; हा मार्चचा, यात उंदरांचे दात...

"ए लेफ, जेवण व्हायचंय अजून!" मागून कुणी तरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो.

क्लेबॉर्न हसला नाही. फार शांतपणे म्हणाला, "ठीक आहे, लेफ. मान्य. कोल्ह्यांनी नेली नाहीत. मग वासरं गेली कुठे?"

सगळ्या माना लेफकडे वळल्या. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला पहिल्यांदा कुणी प्रश्न विचारला होता, आणि त्याला उत्तर येत होतं. त्याने सभागृहात एक नजर फिरवली. बर्टवर थांबला, माझ्यावर थांबला, आणखी पाच जणांवर थांबला. सात घरांमागे खड्डे होते, आणि त्याने ते सगळे शोधले होते, हे मला तेव्हा कळलं. चोराच्या मनात चांदणं. मी बुटांकडे बघायला लागलो.

"कुठे आहेत ते मला माहीत आहे," लेफ म्हणाला. "पण ते मी सांगायचं नाही. ज्यांची होती त्यांनी सांगायचं." आणि खाली बसला. हात मांड्यांवर ठेवून वाट बघत राहिला.

क्लेबॉर्नने पुरता मिनिटभर वेळ दिला. त्याचं मला आजही नवल वाटतं. त्याला खात्री होती आमची. मग म्हणाला, "कुणाला काही बोलायचंय? नाही? तर मग लेफच्या जागी विषाचं कंत्राट द्यावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

बर्टचा हात आधी गेला. मग एकेक. माझा पाचवा. मी पहिला नव्हतो, हे मी स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगत आलो. नंतर व्हर्ना किटली घेऊन आली, सगळ्यांचे कप भरत गेली आणि माझा तेवढा रिकामा ठेवून पुढे सरकली.

लेफने त्याच आठवड्यात घर सोडलं. गुरांच्या बाजारात कोंडवाडे झाडायचं काम मिळालं, तिथेच मागच्या खोलीत राहायला लागला. विषाचे तुकडे टेकड्यांवर पसरले गेले. जानेवारीत टिल्डाने त्यातला एक खाल्ला, माझ्या कुंपणाच्या आत. मी बाजारात निरोप पाठवला. तो पायी आला, तिला घोंगडीत गुंडाळली, खांद्यावर घेतली. मी म्हणालो, "पिकपने सोडतो." तो म्हणाला, "नको, जवळच आहे." नऊ मैल होतं.

विषाने कोल्हे खरोखरच संपले. त्याच हिवाळ्यात सशांनी आमच्या गवताच्या गंज्या खालून पोखरून काढल्या, इतके ससे झाले. आणि वासरं मात्र जातच राहिली. आता कोल्ह्याचं नाव घ्यायची पंचाईत! कुणी म्हणे गरुडाने नेलं. कुणी म्हणे वीज पडली, मार्चमध्ये, स्वच्छ आकाशातून. बर्टने तर फोनवर सांगितलं की वासरू नदीत वाहून गेलं. त्याच्या जमिनीत नदी नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं? पण आम्ही कोंबड्यावर टोपल्या घालतच होतो.

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात लिंकनच्या कृषी महाविद्यालयातून एक चष्मेवाला माणूस छापील कागद घेऊन फिरायला लागला. बुटकी वासरं किती झाली, कुठल्या वळूची, एवढंच विचारायचा. वीस घरं फिरला, वीस घरांनी कानावर हात ठेवले. "आमच्याकडे? छे हो! कुणी सांगितलं?" मीही तेच म्हणालो, आणि वर त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

दमून तो बाजारातल्या खाणावळीत जेवायला बसला, आणि शेजारी नेमका लेफ. आता लेफच्या शेजारी बसून कुणी निमूट जेवलंय? ही वासरं अशी का होतात, चांगल्या दिसणाऱ्या गाईला का होतात, मग सगळीच का नाही होत? चष्मेवाल्याने ताटातल्या घेवड्याचे पांढरे आणि तांबडे दाणे घेऊन टेबलावर मांडून दाखवलं: खोट वळूत असते आणि गाईतही असते, दोघांतही लपून. बाहेरून काही दिसत नाही. दोन लपलेल्या खोटी एकत्र आल्या की चारातलं एक वासरू असं. लेफने ते दाणे तासभर इकडून तिकडे सरकवले. चष्मेवाल्याचं जेवण गार झालं.

"म्हणजे दहा वर्षं सगळ्यांनी एकाच घरातून वळू आणले तर..." लेफ म्हणाला.

"तर गाईंतही तेच, वळूतही तेच. पण लोक बोलतच नाहीत. आकडे नसतील तर मी काय करू?"

"ते कागद माझ्याकडे द्या," लेफ म्हणाला.

महाविद्यालयाने त्याला त्या कामावर ठेवलं. तो घरोघर गेला आणि कुणालाही बुटक्या वासरांबद्दल विचारलं नाही. स्वयंपाकघरात बसायचा, कॉफी घ्यायचा, आणि कागद काढून म्हणायचा, "कोल्ह्यांनी किती नेली?"

"दोन, लेफ."

"कुठला वळू होता तेव्हा?"

"बॅरनचा धाकटा."

लिहून घ्यायचा. ज्या खोटेपणापायी त्याची नोकरी गेली, तोच त्याने असा कामाला जुंपला. आणि लोक सांगायला लागले! क्लेबॉर्नच्या गोठ्यावरच्या माणसाने मला नंतर सांगितलं: लेफ तिथेही गेला, टोपी काढून उभा राहिला आणि तोच प्रश्न विचारला. क्लेबॉर्न बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "चाळीस." दुसऱ्या वसंतात त्याने सगळा कळप खाटकाला विकला, बॅरनसकट, आणि अध्यक्षपद सोडलं. मला त्याची दया आली, हे कबूल करतो. हे काही त्याने एकट्याने केलं नव्हतं. पेंढा पसरायला आम्ही होतोच.

त्यानंतर सगळा धंदाच बदलला. बुटक्यांचं खूळ गेलं आणि आम्ही धावत सुटलो ते थेट दुसऱ्या टोकाला. फ्रान्सहून पांढरी, हत्तीएवढी गुरं आणली. आज माझ्या वळूच्या पाठीवर काय चाललंय ते बघायला मला कुंपणावर चढावं लागतं. अगदी अलीकडे, लेफ अंथरुणाला खिळलेला असताना, मी त्याला प्रदर्शनातल्या वळूचा फोटो दाखवला. त्याने विचारलं, "आता उंच का हवा?" मी म्हणालो, "परीक्षकांना आवडतो." तो हसून हसून इतका खोकला की नर्स धावत आली.

पण मला सांगायचंय ते त्रेपन्नच्या ऑक्टोबरबद्दल. लेफ सगळ्या घरी जाऊन आला होता. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आला. पहिला बर्फ भुरभुरत होता. त्याने बूट झटकले, नेहमीच्या खुर्चीत बसला. बैठकीनंतर तो पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसत होता. पायाशी टिल्डा नव्हती. व्हर्नाने त्याला कॉफी दिली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"हार्लन," तो म्हणाला, कागदावर पेन्सिल ठेवून, "कोल्ह्यांनी किती नेली?"

किती सोपं होतं! एक आकडा म्हणायचा. बाकी सगळ्यांनी तेच केलं होतं, आणि त्याने ते सगळ्यांकडून तसंच घेतलं होतं.

"आठ," मी म्हणालो. त्याने आठ लिहिला.

"कोल्ह्यांनी नाही, लेफ," मी म्हणालो. "मी नेली. बुटकी होती. पहिलं त्या मार्चमध्ये, पवनचक्कीमागे. मेमध्ये तू वाट बघत बसला होतास तेव्हा मला माहीत होतं. मी हात वर केला."

"पाचवा," लेफ म्हणाला. "बाहीचं बटण तुटलेलं होतं."

मला वर बघवेना. "तुला राग नाही आला?"

"आला ना. न यायला काय झालं? टिल्डाला घेऊन चाललो होतो तेव्हा वाटलं, परत फिरावं आणि तुझ्या सगळ्या गंज्या पेटवून द्याव्यात." त्याने कॉफीचा घोट घेतला. "तीन मैलांपर्यंत वाटत होतं."

मग त्याने पेन्सिलीला थुंकी लावली आणि पुढे वाकला. तोच लेफ, कत्तलखान्याच्या दारातला.

"हे बघ, मी सगळे खड्डे बघितले, पण जिवंत असं एकही नाही बघितलं. तू बघितलंयस. बाकी कुणी कबूलच करत नाही, मग विचारू कुणाला? ते म्हणे घुरघुरतं. खरं का?"

"हो."

"कसं? घोड्यासारखं? का झोपलेल्या माणसासारखं?"

"नाही... वेगळंच."

"करून दाखव."

मी व्हर्नाकडे बघितलं. तिने नजर हटवली नाही. मी छत्तीस वर्षांचा बाप्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात, त्या वासरासारखा श्वास घ्यायला लागलो. नाकातून, अडखळत, आत ओढून. पहिला बरोबर जमला. दुसरा जमला. तिसऱ्याला माझ्या घशातून जे निघालं ते वासराचं नव्हतं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडलो.

लेफने मला थांबवलं नाही. माझं आवरेपर्यंत बसून राहिला. मग हळूच विचारलं, "पहिल्या दोनसारखं होतं ना? शेवटचं नाही?"

"पहिल्या दोनसारखं," मी म्हणालो.

त्याने ते लिहून घेतलं.